डोक्यावरची माती

संत जॉर्जच्या सणाच्या सकाळी केलेमेनला न्याहारी मिळाली नाही. शपथ घेणाऱ्याने उपाशीपोटी जायचं, अशी रीत होती. सुनेने, म्हणजे इलोनाने, पोरांपुढे वरईची पेज वाढली आणि सासऱ्यापुढे पाण्याचा वाडगा ठेवला.

"मामंजी, आज एवढंच."

"करपलीय ना पेज?"

"करपलीय."

"मग देवाची कृपाच म्हणायची," केलेमेन म्हणाला आणि पाणी प्यायला.

त्याचं विनोदाकडे लक्ष होतं असं नाही. बाहेर हंस कलकलत होते, अंगणातला चिखल नुकता सुकायला लागला होता, आणि दुपारपर्यंत एक तर गावाचं कुरण वाचणार होतं, नाही तर ते जाऊन वर केलेमेनचा उजवा हात जाणार होता.

भांडण होतं राबा नदीकाठच्या गवताचं. फ्यूझेश गावची माणसं कुळं. मालकाच्या शेतावर वेठ करायची, नाताळला मालकाला कोंबड्या पोचवायच्या, मुलीचं लग्न ठरलं तरी आधी मालकाला विचारायचं. आपलं म्हणावं असं त्यांच्याकडे फारसं काही नव्हतं. नदीकाठच्या कुरणात गवत कापायचा हक्क तेवढा होता. त्या गवतावर हिवाळ्यात बैल जगायचे आणि बैलांवर गाव. कुरणापलीकडे मठाची जमीन. जुना मठाधिपती होता तोवर सीमेबद्दल कुणी तोंड उघडलं नव्हतं. नवा आला आणि म्हणाला, गावाची हद्द अलीकडच्या चरापाशीच संपते. म्हणजे सगळं कुरण मठाचं.

सीमा आखली होती ती तातार गाव जाळून गेले त्यानंतर. तेव्हा हद्दीवर मातीचा ढिगारा घातला होता, आणि ढिगाऱ्याखाली कोळसा आणि फुटकी खापरं पुरली होती. माती वाहते, लाकूड कुजतं, कोळसा तसाच राहतो. जागा पुढच्या पिढीच्या लक्षात राहावी म्हणून गावातल्या पोरांना तिथं नेऊन, ओणवं करून, वाळुंजाच्या फोकाने झोडपलं होतं आणि मग रडणं थांबायला हातात मधाची पोळी दिली होती. असा मार आणि अशी पोळी माणूस मरेपर्यंत विसरत नाही. पण पोळी खाल्लेली माणसं एकेक करून गेली, जुन्या एका पुराने ढिगारा सपाट केला आणि यंदाच्या पुराने सगळ्या कुरणावर गुडघाभर गाळ आणून टाकला.

आता राजाच्या वतीने पंच येणार होता. गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या पुरुषाने अनवाणी, कमरपट्टा सोडून, वादातल्या जमिनीची माती डोक्यावर घेऊन सीमा चालून दाखवायची आणि थांबेल तिथं शपथ घ्यायची. सर्वांत म्हातारा पुरुष म्हणजे केलेमेन. आणि खरी अडचण इथंच होती. केलेमेन मुळात फ्यूझेशचा नव्हताच. तो डोंगरापलीकडून आलेला, घरजावई होऊन, तोही ढिगारा सपाट झाल्यावर. इतकी वर्षं झाली होती की गाव ते विसरून गेलं होतं. पण ज्याने तो ढिगारा कधी पाहिलाच नाही, त्याला तो आठवणार कुठून?

हे त्याने गावचा कारभारी देनेश याला सांगून पाहिलं होतं. देनेश म्हणजे मोठ्या पोटाचा आणि त्याहून मोठ्या आवाजाचा माणूस.

"काका, उगाच डोकं चालवू नका," देनेश म्हणाला होता. "डोक्यावर माती ठेवायचीय. आत काही नसलं तरी चालतं."

"अरे, पण जाऊ कुठं?"

"ते वीज पडलेलं ओकचं झाड दिसतं ना, लांबचं? नाकासमोर तिथं जा. तिथं शपथ घ्या. सगळं कुरण आपलं."

"आणि खणल्यावर कोळसा निघाला नाही तर?"

"पुरात गेला म्हणू."

"आणि माझा हात? तोही पुरात गेला म्हणणार?"



केलेमेनचा भुताखेतांवर विश्वास नव्हता. शेजारणीच्या गाईचं दूध आटलं की गाव चेटकीण शोधायचं आणि हा गाईच्या तोंडात बोटं घालून दात बघायचा. पण खोटी शपथ घेतलेल्या माणसाचा हात मनगटापासून तोडलेला त्याने बाजारात पाहिला होता. त्यावर विश्वास ठेवायला काही लागत नाही, नुसते डोळे पुरतात.

ती जागा ज्या एका माणसाला पक्की ठाऊक होती ते माणूस हिवाळ्याच्या तापात गेलं होतं. त्याची बायको, बोर्बाला. तातारांच्या धाडीत तिच्या घरातले सगळे मुलगे गेले होते, म्हणून ढिगाऱ्यावर मार खायला घरातर्फे हिलाच नेलं होतं. मार चालला, पण पुढे साक्षीला मात्र बाई चालत नव्हती. तिने ती जागा नवऱ्याला सांगितली नव्हती असंही नाही. जन्मभर सांगत होती. पण केलेमेन डाव्या कानाने ठार बहिरा, आणि बैल हाकताना उजवा हात मोकळा लागतो म्हणून बोर्बाला कायम डावीकडून चालायची आणि चालता चालता अखंड बोलायची. हा "हो, हो" करायचा. बाई समजूतदार होती, म्हणून संसार सुखाचा झाला. आता ती बोलायची हे त्याला लख्ख आठवत होतं. काय बोलायची, ते त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

"मातीचं ढेकूळ आणलंस?" त्याने इलोनाला विचारलं.

"आणलंय." इलोनाने दाराआडून टोपली पुढे केली. तिच्यात गवतासकट कापलेला, पावाएवढा मातीचा चौकोन होता.

"एवढ्यात कुरणातून जाऊन आलीस?"

"चला ना मामंजी, उशीर होतोय," इलोना म्हणाली आणि पोराचं नाक पुसायला वळली.

चरापाशी सगळा गाव जमला होता. बायका अलीकडेच थांबल्या, कारण शपथेच्या वाटेवर बाईचं पाऊल पडू द्यायचं नसतं. पंच म्हणून फादर बेनेडेक आले होते. हाडकुळे आणि सर्दी झालेले. मठातर्फे ब्रदर गेल्लेर्त होता, सोबत कुदळवाले दोन गडी.

"काय आजोबा, रात्री झोप लागली का?" ब्रदर गेल्लेर्तने विचारलं.

"तुमच्या मठाधिपतींना लागली का ते सांगा."

"त्यांना काय, कुरण नसलं तरी गादी मऊ आहे," ब्रदर गेल्लेर्त हसला. माणूस वाईट नव्हता. कुरण मात्र त्याला हवंच होतं.

फादर बेनेडेकनी नियम सांगितले. चालताना शपथकर्त्याशी कुणी बोलायचं नाही, कुणी खूण करायची नाही. त्याने मातीला हात लावायचा नाही. माती पडली तर शपथही पडली. मग दोघांनी मिळून ते ढेकूळ केलेमेनच्या डोक्यावर ठेवलं. त्याने कमरपट्टा काढून देनेशकडे दिला, हात दोन्ही बाजूंना सोडले आणि चरात पाय घातला.

गाळ गार होता आणि घोट्याच्या वर येत होता. कुजलेल्या वाळुंजाच्या पानांचा वास, कुठं मेलेला मासा, आणि गाळातून नुकती फुटलेली गवताची पोपटी पाती. उन्ह लख्ख पडलं होतं. दूर वीज पडलेला ओक काळा दिसत होता, आणि आयुष्यात प्रथमच केलेमेनला वाटलं, की झाडालाही आपली लाज वाटत असेल. पण दुसरं काही सुचेना. त्याने ओकवर डोळे लावले आणि चालायला लागला. मागून तीस-चाळीस माणसांच्या पायांचा पचक पचक आवाज येत होता.

थोडं गेल्यावर ढेकूळ उजवीकडे कलंडलं.

त्याने मान डावीकडे कलवून तोल सावरला आणि पुन्हा ओकच्या दिशेला वळला. ते पुन्हा उजवीकडे कलंडलं. ओलं ढेकूळ उन्हाने एका बाजूनं वाळत असणार, त्याने मनाशी म्हटलं. बैलगाडीत ओला चारा भरला की असंच होतं. पडू नये म्हणून तो उजवीकडे थोडा सरकून चालला, तसं ढेकूळ गप बसलं. पुन्हा ओककडे वळला, पुन्हा कलंडलं. मानेला कळ लागली. मागे कुणीतरी घसा खाकरला. देनेशच असणार.

तो उजवीकडे चालत राहिला. मान आपोआप सरळ झाली.

मग ओलं वजन कमी व्हायला लागलं. केलेमेनने जन्मभर पोती वाहिली होती, डोक्यावरचं वजन त्याला पारखता यायचं. पाणी निथळलं तर माती हलकी होते, हे त्याला ठाऊक होतं. पण निथळलेलं पाणी मानेवरून खाली यायला हवं होतं, आणि मान कोरडी होती. ढेकूळ डोक्यावर टेकलेलं होतं, गवताची मुळं कपाळाला गुदगुल्या करत होती, तरी भार नव्हता. कुणी वरून धरून ठेवलं असतं तर जसं लागलं असतं, तसं ते लागत होतं.

पुढे खळगा होता, पुराच्या पाण्याने भरलेला. शहाण्या माणसाने त्याला वळसा घातला असता. केलेमेनने घालून पाहिला. तेव्हा डाव्या कानामागे, जिथं केस कापताना बायको डोकं वळवायला अंगठा टेकवायची तिथंच, काहीतरी टेकलं आणि त्याचं डोकं पाण्याकडे वळलं.

तो तसाच उभा राहिला.

माशी असेल, मुळाचं टोक असेल, असं म्हणायचं त्याच्या मनात होतं. जमलं नाही.

त्याने पाण्यात पाय घातला.

पाणी मांड्यांपर्यंत आलं. मागे बरेचजण काठावर थबकले. फक्त फादर बेनेडेक शिंकत, झगा वर धरून त्याच्या डाव्या हाताला मागोमाग येत राहिले, आणि ब्रदर गेल्लेर्त. केलेमेन वळून बघू शकत नव्हता. बघायचंही नव्हतं.

खळग्यातून वर आल्यावर जमीन सगळीकडे सारखीच होती. सपाट, राखाडी, रिकामी.

अंगठा डावीकडे. मग थोडा उजवीकडे.

मग तो निघून गेला.

आणि त्याच क्षणी डोक्यावरचं ढेकूळ जड झालं, चालून दमलेलं माणूस हुश्श करून खाली बसावं तसं. केलेमेनचे गुडघे वाकले आणि तो गाळात बसला. माती डोक्यावरून हलली नाही.

"इथं," तो म्हणाला. "देवाची शपथ, या मातीची शपथ. सीमा इथं आहे."

ओक अजून बराच लांब होता.

मठाचे गडी पाण्यातून आले आणि खणायला लागले. गाळ निघाला, मग पिवळी चिकणमाती निघाली, मग नुसती पिवळी मातीच निघत राहिली. केलेमेन गुडघ्यांवर बसला होता आणि आपल्या उजव्या हाताकडे बघत होता. बोटं जाड, नखं फुटलेली. या हाताने त्याने नांगर धरला होता, मुलाला पहिल्यांदा उचललं होतं, थंडीत बायकोच्या थडग्याची गोठलेली माती फोडली होती. चांगला हात होता. मनातल्या मनात तो त्याचा निरोप घेत होता.

कुदळ कशावर तरी करकरली.

गड्याने खड्ड्यात हात घातला. तो बाहेर आला तेव्हा कोपरापर्यंत काळा होता.

कोळसा निघाला, पसे भरभरून. मग खापरं, एकावर एक रचलेली. फादर बेनेडेकनी एक खापर झग्याला पुसलं, उन्हात धरलं आणि क्रूसाची खूण केली. पलीकडच्या काठावर गाव एकदम ओरडलं, आणि चराअलीकडच्या बायकांना काही दिसत नसूनही त्या त्याहून मोठ्यांदा ओरडल्या. देनेश पाण्यातून धावत आला, पडला, उठला, आणि केलेमेनच्या डोक्यावरचं ढेकूळ त्याने एका हाताने उचललं.

"काका, ओकपर्यंत गेला असतात तर मेलो होतो आपण! कोळसा इथं आणि आपण तिथं! तुम्हाला जागा ठाऊक होती, आणि मला खेळवत होतात? लबाड म्हातारा!"

केलेमेन रडत होता. लाज वाटत नव्हती. छातीवरचा दगड कुणी उचलून फेकला की माणूस रडतोच. कुरणाची एक चिंचोळी पट्टी मठाकडे गेली, बाकी सगळं गावाचं राहिलं. बैल जगणार होते. हात मनगटाला होता.

ब्रदर गेल्लेर्तने त्याला काखेत धरून उठवलं. "चला, सुटलो एकदाचे," तो हळूच म्हणाला. "आता मठाधिपतींना कळवायचं काम तेवढं राहिलं. त्यासाठी माझ्याच डोक्यावर माती ठेवा."

सगळे परत निघाले तेव्हा फादर बेनेडेक केलेमेनजवळ रेंगाळले. नाक पुसलं, आजूबाजूला बघितलं.

"नियम मोडला होता," ते म्हणाले. "कोळसा निघाला म्हणून मी बोललो नाही. पण शपथकर्त्याशी बोलायला मी मनाई केली होती."

"माझ्याशी कुणी बोललं नाही, फादर."

"मी मागेच होतो. तुमच्या डाव्या बाजूनं सबंध वाटभर बडबड चालली होती. बाईचा आवाज. बाई कुठं दडली होती ते मला दिसलं नाही."

केलेमेनने उजवा कान पुढे केला. आपण नीट ऐकलं का, याची त्याला खात्री नव्हती. "काय म्हणत होती?"

"मला सगळं कळलं नाही. वैतागलेली होती. हजारदा सांगितलं, असं काहीतरी." ते पुन्हा शिंकले आणि घाईघाईने पुढे गेले.

चरापाशी इलोना उभी होती. सगळे नाचत होते आणि ही रडवेली. तिने देनेशच्या हातातून ढेकूळ काढून घेतलं, टोपलीत घातलं आणि सासऱ्याला बाजूला ओढलं, उजव्या बाजूला.

"मामंजी, मारू नका. ही माती कुरणातली नाहीये."

"म्हणजे?"

"कुरणात नुसता गाळ. दोनदा कापली, दोनदा बोटांतून गळून गेली. तुमच्या डोक्यावर फुटली असती म्हणजे? मग मी सासूबाईंच्या... तिथं आपण परत बसवलेल्या जुन्या गवताने माती कशी घट्ट धरलीय. पायाकडची घेतली हो. डोक्याकडची नाही कापली, आईशप्पथ."

केलेमेनने टोपलीत पाहिलं. मग तो हसायला लागला, इतका की त्याला टोपलीचा आधार घ्यावा लागला. शपथ चुकीच्या मातीवर झाली होती. पंचाला कळलं असतं तर सगळं रद्द झालं असतं, कोळशासकट.

"कुणाला सांगितलंस?"

"नाही."

"मग सांगू नकोस. आण ती टोपली. आणि देनेशकडे जाऊन माझ्या वाटणीची वाइन राखून ठेव, नाही तर तो पिऊन टाकेल."

"मी येऊ बरोबर?"

"नको. मला तिच्याशी बोलायचंय."

चर्चमागच्या दफनभूमीत दुपारचं उन्ह होतं. भिंतीवर सरडा बसला होता. बोर्बालाच्या थडग्याच्या पायथ्याशी पावाएवढा चौकोनी खड्डा होता, साधा, कडा सरळ कापलेल्या. केलेमेनने ढेकूळ त्यात ठेवलं, ते नेमकं बसलं, आणि त्याने तळव्याने कडा दाबून घेतल्या. मग इकडेतिकडे कुणी नाही असं बघून तो गवतावर आडवा झाला आणि उजवा कान जमिनीला लावला.

"बोल आता," तो म्हणाला. "या कानाने ऐकतोय."

काही ऐकू आलं नाही. मुंग्या होत्या, गवत होतं. गावातून देनेशचा बेसूर गाण्याचा आवाज येत होता. केलेमेन बराच वेळ तसाच पडून राहिला आणि त्याला इतकं हलकं वाटलं, जितकं गेल्या हिवाळ्यापासून वाटलं नव्हतं. बेनेडेक म्हातारे झालेत, सर्दीने कान भरलेत. झालं ते चांगलं झालं. तिच्या मातीवर शपथ झाली, यात तिलाही मजा वाटली असती. ती तिच्या जागी होती, तो आपल्या, आणि बैलांना गवत होतं.

तो उठला, गुडघे झटकले. वाइनची तहान लागली होती. निघताना डोक्यावर अजून चिकटलेली माती झाडावी म्हणून त्याने हात वर नेला.

केसांत माती नव्हती. त्याच्या बोटांखाली काहीतरी गार होतं, डोक्यावर अलगद टेकलेलं. ते जरा बाजूला सरकलं आणि त्याच्या हाताला जागा करून दिली.